पांढऱ्या गाडीवरचे नारिंगी ठिपके

वादी कबीर, मस्कत
२८ नोव्हेंबर २०१४

आदरणीय हसनमामू,

सलाम.

आमच्या खालच्या मजल्यावरचा जनार्दन सुट्टीवर गुहागरला निघाला आहे. तुमच्या कानाच्या यंत्रात फोन नुसत्या शिट्ट्या मारतो, आणि मामी मध्ये बसून निरोप सांगते तेव्हा त्यात अर्धं तिच्या मनाचं असतं. म्हणून हे पत्र जनार्दनच्या हाती देते आहे. सोबत मामीसाठी खजूर आहेत.

तुम्ही तीस वर्षांनी मस्कत सोडून कायमचे गेलात, त्याला आता दोन महिने होत आले. जाताना गाडीची चावी माझ्या हातात ठेवून तुम्ही जे बोललात ते मला पाठ आहे. मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, माझ्या नवऱ्याच्या, सिराजच्या नावावर केलं ते केवळ इथे राहणाऱ्या कोणाच्या तरी नावावर लागतं म्हणून. गाडी आम्हाला दिलेली नाही, ती अमानत आहे. मी चालवायची, आणि पुढे ती माझ्याकडे राहील की तुमच्या मुलाकडे, सकलैनकडे जाईल, ते तुम्ही रमजानच्या आत ठरवणार. आणि काही झालं तरी गाडी सावलीत, बिल्डिंगमागच्या पत्र्याच्या शेडमध्येच लावायची.

तशीच लावते आहे. रोज.

तरीही मला एक गोष्ट कळवायला हवी. बौशरच्या दवाखान्यात हिशेब बघायची नोकरी मी या गाडीच्या भरवशावरच धरली. सिराजची कंपनीची पिकअप पहाटेच बरक्याच्या साइटवर जाते, त्यामुळे ही गाडी नसती तर मला ती नोकरी घेताच आली नसती. तर गेल्या आठवड्यात सकाळी कामावर निघताना मी टपावर हात ठेवला आणि तळव्याला रवा लागल्यासारखं झालं. दव पडलेलं होतं. पुसून पाहिलं तर खाली नारिंगी ठिपके. मोहरीएवढे, काही त्याहून बारीक. टपावर, बॉनेटवर, डिकीवर. दरवाज्यांवर जवळजवळ नाहीत. पांढऱ्या रंगावर फार दिसतात.

हे आतून येणारं गंजणं आहे का? की माझ्या हातून काही झालंय? सिराज म्हणतो, "गाडी दहा वर्षांची आहे, तिलाही वांग येणारच." पण तुमच्या हातात होती तोवर एकही ठिपका नव्हता आणि माझ्याकडे आल्यावर दुसऱ्याच महिन्यात आले. कदाचित मी नीट धूत नसेन. कदाचित धुते तेच जास्त होत असेल. काय करू ते कळवा.

तुमची,
शकीला

*

दाभोळ
१५ डिसेंबर २०१४

प्रिय शकीला,

दुआ. पत्र पोचलं. खजूर मामीने वाडीत वाटून टाकले, माझ्या वाटीत बिया जास्त आल्या.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. लागोपाठ दोन वाक्यं "कदाचित"ने सुरू केलीस. बी.कॉम. झालेल्या माणसाने इतकं कदाचित लिहू नये. काय झालं ते मी सांगतो. तुम्ही शुक्रवारी लेकीला, निदाला घेऊन समुद्रावर गेलात आणि गाडी वाळूत घातलीत. खारं पाणी उडालं. दुसरं काही नाही. रुवीच्या कंपनीत तीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं, लोखंड कशाने गंजतं ते मला माहीत आहे.

उपाय घरचाच आहे. गंजाला आंबट लागतं. तांब्याचा हंडा आपण कशाने घासतो? मामीने कोकमाची सोलं बांधून दिली आहेत, जनार्दन परत येताना घेऊन येईल. रात्रभर भिजत घाल, सकाळी कुस्कर, तो रस फडक्याने ठिपक्यांवर लाव, तासभर राहू दे आणि धुऊन टाक. हंड्यासारखी चकाकेल.

आणि समुद्रावर जाऊ नका असं मी म्हणत नाही. गाडी डांबरावर ठेवा आणि चालत जा. तुम्हाला लोकांना चालायला काय होतं?

मामीचा सलाम. निदाला दुआ.

हसन

*

वादी कबीर
२ जानेवारी २०१५

आदरणीय मामू,

सलाम. सोलं मिळाली. विमानतळावर जनार्दनला पिशवी उघडायला लावली. "हे काय?" म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "गाडीचं औषध." त्याला बराच वेळ बाजूला उभं करून ठेवलं होतं. तुम्हाला सलाम सांगितला आहे त्याने, पण जरा नाराजीने.

आधी समुद्राचं. ऑक्टोबरात एकदा आम्ही कुरमच्या किनाऱ्यावर गेलो होतो. गाडी डांबरी रस्त्यावरच होती, असं मला पक्कं आठवत होतं. पण तुमचं पत्र वाचल्यावर ते तितकंसं पक्कं राहिलं नाही. सिराज म्हणतो डांबरावर होती, निदा म्हणते तिला आठवत नाही. आता मलाच कधी वाळू दिसते, कधी डांबर.

मग सोलं. तुम्ही लिहिलं तसंच केलं. खरं सांगायचं तर मला शंका होती. सोलांना मीठ असतं, आणि मिठाने गंजतं असं तुम्हीच लिहिलंत. मग तेच मीठ आपण हाताने का लावायचं? पण तुम्ही मालक, आणि अनुभव तुमचा. शुक्रवारी सकाळी लावलं. शेजारच्या खैरुन्निसा चाची गॅलरीतून बघत होत्या. सिराज चहाचा कप घेऊन खाली आला आणि म्हणाला, "सार करायचं तर पातेल्यात कर की. बॉनेटवर कशाला?"

बारीक ठिपके फिके झाले. मोठे तसेच राहिले. आणि बॉनेट गुलाबी झालं, मामू. सगळीकडे नाही, जुना रंग जिथे खरखरीत झाला होता तिथे रस मुरला आणि धुऊनही गेला नाही. आता नारिंगी ठिपके आहेत आणि भोवती गुलाबी ढग आहेत.

मी तेव्हापासून एकाच गोष्टीचा विचार करते आहे. मालकाने सांगितलं तसंच केलं आणि त्यातून अमानत बिघडली, तर दोष कोणाचा? तुमचा म्हणवत नाही. पण शंका असताना मी हात थांबवला नाही, म्हणजे माझा आहेच. आणि थांबवला असता तर तुमचं ऐकलं नाही हा दोष होताच. दोन्ही बाजूंनी मीच. रोज गाडीत बसताना आधी टपाकडे बघते. कधी कधी वाटतं, ही जबाबदारी माझ्यासारखीने घ्यायलाच नको होती.

तुमची,
शकीला

*

दाभोळ
१९ जानेवारी २०१५

प्रिय शकीला,

सोलांना दोष देऊ नको. तू फडकं बदललं नसशील.

दोष कोणाचा हे मला विचारून तू मलाही कोड्यात टाकलंस. दुपारच्या नमाजानंतर मशिदीच्या ओट्यावर मी हा प्रश्न मांडला. तिथे चार म्हातारे होते. एक म्हणाला मालकाचा, एक म्हणाला सांभाळणाऱ्याचा, एक म्हणाला सोलांचा, आणि चौथ्याने विचारलं गाडी कुठली आहे. तेव्हा ते तिथेच राहिलं.

मात्र तुझ्या पत्राचं शेवटचं वाक्य मी मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगी तोंडाने बोलणार नाही, पण कळतंय." मलाही कळलं. मी सकलैनला सांगितलं आहे, बौशरहून एखाद्या शुक्रवारी ये आणि गाडी बघून जा म्हणून. पुढचं मी बघतो. तू जिवाला लावून घेऊ नको.

हसन

*

वादी कबीर
६ फेब्रुवारी २०१५

आदरणीय मामू,

सलाम. सकलैन येऊन गेला. त्याने गाडीला दोन फेऱ्या मारल्या, वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आपा, हिला गोवर आलाय काय?"

मी म्हटलं, "हस. तुझ्याच घरची आहे."

"आणि हे गुलाबी काय?"

"तुझ्या अब्बांची सोलं."

तो पोट धरून हसला. मग त्याने फोन काढला आणि प्रत्येक ठिपक्याचे फोटो घेतले. टपाचे घेतले, बॉनेटचे घेतले, गुडघ्यावर बसून डिकीचे घेतले. मी विचारलं, इतके कशाला? म्हणाला, "अब्बांना दाखवायला नकोत? पुरावा हवा." पुरावा हा शब्द मला लागला. मी चहा केला, तो घेतला आणि जाताना सिराजला म्हणाला, "अशी गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये कशी न्यायची, सिराजभाई? साफ झाली तर बघू." चेहरा मात्र आला तेव्हापेक्षा खुलला होता. तो सिराजच्या लक्षात आला, मला मात्र त्याचा अर्थ लागला नाही.

आता दुसरी गोष्ट. ती कशी लिहू हे मला समजत नाहीये, म्हणून झाली तशीच लिहिते.

निदाने इंग्रजीतलं एक पान शोधून काढलं. बर्फाच्या देशातल्या कोणा माणसाने लिहिलेलं. हिवाळाभर गाडी चालवल्यावर तिथेही पांढऱ्या गाड्यांवर असेच ठिपके येतात म्हणे. निदाचं मराठी तुम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, "अम्मी, तो बर्फवाला म्हणतो रस्ट नाहीये. म्हणजे रस्ट आहे, पण आपल्या कारचा नाही. बाहेरचा. येऊन बसलेला." म्हणजे लोखंडाचा बारीक कीस उडून रंगावर बसतो, रुततो, ओला झाला की तो कीसच गंजतो. खालचा पत्रा चांगला असतो. तिथे लोक रस्त्यावर टाकलेल्या मिठाला दोष देतात, पण कीस बहुतेक ब्रेकमधून उडालेला असतो.

मला आधी काही पटेना. इथे बर्फ नाही, रस्त्यावर मीठ नाही, आणि ब्रेक तर तुम्हीही वर्षभर दाबत होतात. मग हिवाळ्यातच का? आणि वरच का, दारांवर का नाही?

बुधवारी दुपारी असरच्या नमाजाच्या सुमाराला मी लवकर परतले. नेहमीसारखी शेडमध्ये गाडी लावली आणि उतरणार तोच टपावर टिकटिक ऐकू आलं. शेडच्या पलीकडे आता लोखंडी गेट बनवणाऱ्याचं वर्कशॉप आहे. ऑक्टोबरात उकाडा होता तोवर ते लोक शटर ओढून आत कूलर लावून काम करत. आता हवा चांगली पडली म्हणून ग्राइंडर घेऊन बाहेर येऊन बसतात. गेट उभं करून घासत होते, आणि ठिणग्यांचा झोत कुंपणावरून थेट शेडच्या उघड्या बाजूने आत येत होता. दिसायला फार सुंदर दिसतो. माझ्या टपावर येऊन विझत होता. रात्री त्यावर दव.

म्हणजे मामू, गाडी सावलीत होती म्हणूनच हे झालं.

हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे. तुम्हाला उलट उत्तर द्यायचा यात हेतू नाही. चुकत असेन तर सांगा. पण परवापासून मी गाडी पुढच्या बाजूला उघड्यावर लावते आहे. तुम्हाला न विचारता. हे बरोबर की चूक ते मला ठरवता येत नाही; केलं आहे एवढं सांगते.

तुमची,
शकीला

*

दाभोळ
२० फेब्रुवारी २०१५

प्रिय शकीला,

शेडपलीकडे टायरचं गोदाम होतं. बावीस वर्षं तरी होतं. गेटवाला कुठून आला? मी गेल्यावर आला असणार. माणूस गेला की लोक लगेच सगळं बदलून टाकतात.

तुझं म्हणणं खरं असेल. मी ते नाकारत नाही आणि मान्यही करत नाही, मला ती जागा डोळ्यासमोर आणायला दोन दिवस लागले. उघड्यावर लावलीस ते लावलीस. मे महिन्यात स्टिअरिंगला हात लावशील तेव्हा माझी आठवण होईल.

सकलैनचे फोटो मामीच्या फोनवर आले. चष्मा लावून बघितले. तो लिहितो, "अब्बा, राहू दे ती गाडी." तो असाच आहे, लहानपणापासून अंग काढून घेणारा. पण मी सोडणार नाही. मी त्याला बजावलं आहे की साफ झाली की मार्चअखेर तू ती गाडी घेऊन जायचीस, खलास. त्याने "साफ झाली तर" असं कबूल केलं आहे. मामी त्याला रोज फोन करते आहे.

तेव्हा तू आता निश्चिंत राहा. आणखी एक महिना. मग तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

हसन

*

वादी कबीर
१३ मार्च २०१५

आदरणीय मामू,

सलाम.

तुमचं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. मी उत्तराला बसत होते आणि उठत होते.

गाडी साफ झाली आहे. हे आधी सांगते, कारण ते जवळजवळ होणारच नव्हतं.

ते कसं करायचं हे मला तुमचं पत्र येण्याआधीच कळलं होतं. इथल्याच स्पेअर पार्टच्या दुकानात एक फवारा मिळतो, त्याने लोखंडाचा कीस सुटतो. आणि एक मऊ चिकणमातीसारखी वडी मिळते, ती साबणाच्या पाण्याबरोबर रंगावरून हलकेच फिरवायची, म्हणजे रुतलेला कण वडीला चिकटून वर येतो. हे माहीत होतं आणि तुमचं पत्र वाचून मी ते दोन्ही कपाटात ठेवून दिलं.

कारण उघड आहे. ठिपके असले तर सकलैन गाडी घेणार नाही. ठिपके गेले तर घेईल.

सिराज म्हणाला, "मग राहू दे की. तू काही नवे डाग पाडत नाहीयेस." बरोबर होतं त्याचं. मी पाडत नव्हते. नुसती काढत नव्हते. रोज त्या ठिपक्यांच्या गाडीतून बौशरला जात होते, आणि पहिल्यांदाच मला ते बघून बरं वाटत होतं. हा बदल माझ्या लक्षात आला त्या दिवशी मला स्वतःची थोडी भीती वाटली. अमानत सांभाळणं म्हणजे ती होती तशी परत करणं. ती बिघडलेली राहावी म्हणून वाट बघणारी बाई ती सांभाळत नाही. पण मग असंही वाटे, की साफ करून हातची घालवण्यात तरी मोठं पुण्य आहे की नुसता माझा मान? मी चांगली दिसावी म्हणून? काही उमगेना. एक दिवस हे पटे, एक दिवस ते.

गेल्या शुक्रवारी निदा स्वतःच बादली भरून खाली घेऊन गेली. मी विचारलं, कशाला? म्हणाली, "अम्मी, तू रोज कारकडे असं बघतेस ना, मला टेन्शन येतं." मग दोघी गेलो. फवारा मारल्यावर प्रत्येक ठिपक्यातून जांभळा ओघळ सुटला. पांढऱ्या गाडीवरून जांभळं पाणी. खैरुन्निसा चाची वरून ओरडल्या, "आता काय, जांभळं?" मग वडी फिरवली. आधी ती रंगावर अडखळते, खरखरते, आणि कण निघाला की घसरायला लागते. ते हाताला कळतं. बॉनेटचं गुलाबीही पॉलिशने गेलं, पुसट कुठेतरी आहे, ते मला माहीत असल्यामुळे मला दिसतं.

सकलैनला मी अजून कळवलेलं नाही. त्याच्याआधी तुम्हाला लिहिते आहे.

मामू, ही गाडी मला हवी आहे.

हे मागणं योग्य आहे का, मला माहीत नाही. ज्याच्याकडे ठेवायला दिली त्यानेच ती मागावी, हे ऐकायलाही बरं वाटत नाही. सकलैन तुमचा मुलगा आहे, त्याचा हक्क आधी. पण मी नोव्हेंबरपासून तुम्हाला ठिपके लिहिते आहे आणि हे एक वाक्य लिहिलं नव्हतं. दुसरी गाडी आम्हाला जमणार नाही, निदाचं कॉलेज तोंडावर आलं आहे. गाडी गेली तर नोकरी सोडावी लागेल. पण केवळ नोकरीचं नाही. वादी अदाईचा चढ चढून पुढे रस्ता मोकळा होतो, तिथे सकाळी मी एकटी असते. चाळिशी उलटल्यावर लायसन मिळालं, आणि एवढ्या वर्षांत मी कुठेतरी जाते आहे आणि कोणी मला नेत नाहीये, हे पहिल्यांदाच. ते मला सोडवत नाही.

तुम्ही सकलैनला द्यायची ठरवलीत तर मी स्वतः बौशरला नेऊन चावी देईन आणि मनात काही ठेवणार नाही. निदान प्रयत्न करीन.

तुमची,
शकीला

*

दाभोळ
२९ मार्च २०१५

प्रिय शकीला,

तुझं पत्र वाचलं आणि मी आणि मामीने तुझी आधीची पत्रं पुन्हा काढून वाचली.

तू नोव्हेंबरपासून लिहितेस, डाग पडले, दोष माझाच, जबाबदारी घ्यायला नको होती. आम्ही काय समजलो? आता तुझा पगार सुरू झाला, तुम्हाला चांगली नवी गाडी घ्यायची असेल, आणि म्हाताऱ्याची अमानत दारात अडून बसली आहे. तुझ्या तोंडून येणार नाही, म्हणून आपणच सोडवावं. मामी तर म्हणाली, "पोरगी डागांचं निमित्त करून हात जोडते आहे." म्हणून मी सकलैनच्या मागे लागलो. त्याला कंपनीची गाडी मिळाली आहे, त्याला आपली गाडी ठेवायलाही जागा नाही. तो नको म्हणत होता तरी मी त्याला बापाच्या अधिकाराने दरडावत होतो. ते फोटो त्याने मला पाठवले ते गाडी गळ्यात पडू नये म्हणून. तुझ्याविरुद्ध नव्हते ते.

काल मामीने त्याला फोन करून सांगितलं की गाडी शकीलाकडेच राहील. तो म्हणाला, "अल्हम्दुलिल्ला." मामी म्हणते, लग्न ठरलं तेव्हाही तो इतक्या मनापासून बोलला नव्हता.

तर गाडी तुझी झाली. सिराजची नाही, निदाची नाही, तुझी. मी इथे मामीला साक्षी ठेवून दिली. आता ती बिघडली तर तुझी बिघडेल, आणि दोष कोणाचा हा प्रश्न पुन्हा माझ्याकडे पाठवू नको. ओट्यावरचे लोक अजून मला त्याचा निकाल विचारतात.

पुढच्या वेळी काही हवं असेल तर पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहीत जा. माझे कान तर गेलेच आहेत, आणि शेवटच्या पानापर्यंत पोचेस्तोवर हल्ली डोळेही दमतात.

मामीचा सलाम.

हसन